सर्वांना चहा देण्यात आला

माझं अक्षर चांगलं होतं, तिथूनच सगळी वाट लागली. अंधेरीच्या ज्या सरकारी कचेरीत मी विसाव्या वर्षी चिकटले, तिथे बाकीच्या मुली आवक-जावक बघायच्या, दाखल्यांवर शिक्के मारायच्या, आणि साडेपाचला पर्स उचलून निघायच्या. मला मात्र पहिल्याच वर्षी साहेबांनी चौकशीच्या टेबलाला जुंपलं. का, तर माझ्या कागदावर खाडाखोड नसायची. पोलिसांच्या कोठडीत कुणी मेलं किंवा कुणाचा हातपाय मोडला, की पोलिसांखेरीज दुसऱ्या खात्याच्या अधिकाऱ्याने त्याची चौकशी करायची असते. आमच्या बाजूची ती कामं साहेबांकडे यायची. साहेब विचारायचे, समोरचा सांगायचा, मी लिहायचे. त्या लिहिलेल्याला जबाब म्हणतात.

जबाबाची भाषा ठरलेली. माणूस म्हणणार, "मला काय माहीत, मी झोपलेलो." आम्ही लिहिणार, सदर वेळी मी झोपेत असल्याने मला काहीएक माहिती नाही. लोक रडत सांगायचे, शिव्या देत सांगायचे, मागचं पुढे आणि पुढचं मागे करायचे. ते सगळं धुऊन, पिळून, दोरीवर नीट वाळत घालायचं, हे माझं काम, आणि मला त्याची भलतीच घमेंड होती. आमच्या जुन्या हेडक्लार्कनी मला कोठडीच्या जबाबातली नेहमीची वाक्यं शिकवली होती. रात्री पहारा होता. जेवण मिळाले. सकाळी सर्वांना चहा देण्यात आला. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. ही वाक्यं हातात इतकी बसली होती, की समोरच्याकडे न बघता उतरायची. शेवटी एक ओळ, वरील जबाब मला वाचून दाखवला, तो बरोबर आहे. आणि तिच्याखाली अंगठा. वाचून कोण दाखवतंय? बाहेर बाकड्यावर आणखी दहाजण बसलेले असायचे.

ही गोष्ट गिरण्यांच्या संपानंतरच्या वर्षांतली. बाबांची गिरणी पुन्हा उघडलीच नाही. ते घाटकोपरच्या आमच्या खोलीत दिवसभर खिडकीशी बसून असायचे, दोन भाऊ शाळेत, आणि घर माझ्या एकटीवर. हे आत्ताच सांगून टाकते. नंतर सांगितलं तर सबब वाटेल, आणि सबबी ऐकण्यात माझी अर्धी नोकरी गेली आहे.

त्यातल्याच एका वर्षी बोरिवलीकडच्या एका गावठाणातल्या ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळच्या ख्रिस्ती पोराचं प्रकरण आलं. वय सव्वीस, धंदा सुतारकाम. शनिवारी संध्याकाळी कुणाच्या तरी लग्नात मारामारी झाली आणि पोलिसांनी त्याला उचलून कोठडीत टाकलं. रविवारी सकाळी तो मेलेला होता. पोलिसांचं म्हणणं असं, की सकाळी सहाला त्याने सगळ्यांबरोबर चहा घेतला. मग बाकीच्या चौघांना तोंड धुवायला मागच्या नळावर नेलं, हा मात्र येत नाही म्हणाला. आठच्या सुमाराला परत येऊन बघतात, तर मोरीच्या आडोशाला, खिडकीच्या गजाला, चादरीची पट्टी फाडून त्याने गळफास घेतलेला.

त्याची आई पहिल्या दिवसापासून यायची. बुटकी, काळी, गुडघ्यापर्यंत कसलेलं लुगडं, पायांत काही नाही. नवरा चार वर्षांपूर्वी गेला होता. मी तिच्यावर पहिल्यांदा खेकसलेच, कारण ती न विचारता टेबलाशी येऊन उभी राहायची. पण ती हटणाऱ्यांतली नव्हती. मला वाटलं होतं, पोलिसांना शिक्षा करा म्हणेल. ते तिने एकदाही म्हटलं नाही. तिला एक कागद हवा होता. आपला जीव आपण घेतलेल्याला त्यांच्या गावठाणात घरच्या कबरीत जागा मिळत नसे, तशी तिथली रीत होती. पोराला चर्चमधली मिस्साची प्रार्थना न करता कबरस्तानाच्या मागच्या भिंतीशी पुरलं होतं, क्रूस नाही, नाव नाही. फादर बिचारे चांगले होते. त्यांनी सांगितलं होतं, सरकारचा कागद आण, मी गावाची समजूत घालतो, त्याला बापाच्या बाजूला ठेवू.

"शिक्षा देव बघील," ती मला म्हणाली. "मना कागद पायजे, बाई. माज्या पोराने जीव दिला नाय म्हणून."

दर तारखेला यायची. येताना पदरात अंगणातल्या झाडाचे जांब बांधून आणायची आणि माझ्या टेबलावर ओतायची. मी आधी नको नको म्हणायचे, मग मीठ लावून खायला लागले. मी तिला मावशी म्हणायला लागले ते कधी, मला आठवत नाही. मी तिला सांगायचे, मावशी, साहेब सरळ आहेत, होईल तुमचं काम. कुणी सांगितलं होतं मला असली आश्वासनं द्यायला?

साहेब सरळ होते हे खरं. निवृत्तीला दीड वर्ष राहिलेलं, पोटाचा त्रास, पण कुणाच्या चहापाण्याला हात लावणारे नव्हते. पहाऱ्यावरच्या तिन्ही पोलिसांना त्यांनी वेगवेगळं बोलावलं. तिघांनीही तेच सांगितलं, त्याच क्रमाने, मध्ये कुठे अडखळणं नाही. मला तर तेव्हा बरंच वाटलं, लिहायला सोपं. डॉक्टरांच्या अहवालातून काही निघेना. अंगावर मार होता, पण मारामारी लग्नातही झाली होती. मरणाची वेळ त्यांनी अशी सैल लिहिली होती, की मध्यरात्रीनंतर सकाळपर्यंत केव्हाही. कोठडीतल्या बाकीच्या चौघांपैकी एकाचा पत्ता खोटा निघाला. दोघे म्हणाले, आम्ही झोपलो होतो, सकाळी कुणी चहा घेतला, कुणी नाही, आम्ही बघितलं नाही.

चौथा दहिसरचा. नदीपलीकडच्या एका तबेल्यात म्हशींचं करायचा, आणि हातभट्टीची दारू पोचवताना सापडला म्हणून त्या रात्री आत होता. त्याला तुरुंगातून आणलं होतं, दोन हवालदार बरोबर. साहेबांनी नावगाव विचारलं, आणखी दोन प्रश्न विचारले, आणि तेवढ्यात वरच्या कचेरीतून फोन आला. "उरलेलं बाईंना सांग," म्हणून ते उठून गेले. त्यात नवल काही नव्हतं. निम्मे जबाब असेच व्हायचे.

दीड वाजत आला होता. मला सकाळपासून अर्धशिशी, पंखा बंद, आणि ह्या माणसाच्या कपड्यांना असा वास, की मी खुर्ची मागे सरकवली. हवालदार दारात उभे राहून तंबाखू मळत होते. मी विचारलं, रात्री काय बघितलंस? काही नाही. काही ऐकलंस? नाही. झोपलो होतो. मग सकाळचं सांग, म्हटलं. तर तो एकदम बोलायला लागला. तिथला चहा म्हणे समोरच्या टपरीवरून येतो. पहाऱ्यावरचा शिपाई दारातून ओरडून सांगतो, आत किती. टपरीवाला म्हातारा मोजून तेवढेच ग्लास तारेच्या जाळीत घालून आणतो, एक जास्त नाही, एक कमी नाही. मी पेन धरून बसलेली. ह्याचं संपेना.

"बाई, आम्ही आत पाच होतो," तो म्हणाला. "चहा आले चार."

मी म्हटलं, चहाचं पुराण पुरे, मुद्द्याचं बोल. तो दाराकडे बघून पुन्हा माझ्याकडे वळला. टेबलाच्या कडेखाली, हवालदारांना दिसणार नाहीत अशी, त्याने चार बोटं धरली होती. पुन्हा हळूच म्हणाला, चारच आले, पाचवा कुणी मागितलाही नाही. मी विचारलं, तुला मिळाला ना? मिळाला, म्हणाला. झालं तर मग, म्हटलं मी, आणि हात आपोआप चालला. सकाळी सहाच्या सुमारास सर्वांना चहा देण्यात आला.

"लिहिलं ना, बाई?"

"लिहिलं," मी म्हटलं. खाली ती नेहमीची ओळ लिहिली, अंगठ्याला शाई लावली, कागदावर दाबला, आणि डबा खायला गेले. त्या दिवशी डब्यात काय होतं तेही मला आठवतं, पण जाऊ दे.

दोन महिन्यांनी साहेब अहवाल सांगायला बसले. ते खोलीत फेऱ्या मारत सांगायचे आणि मी टाइप करायचे. पोलिसांवर त्यांचा विश्वास नव्हता, हे त्यांच्या आवाजात कळत होतं, पण हातात काही नव्हतं. शेवटी म्हणाले, सगळं येऊन अडकतं ते सहा वाजता पोरगा जिवंत होता की नाही ह्यावर. तो सहाला चहा प्यायला असेल, तर पोलिस सांगतात तसंच झालं म्हणावं लागेल. आणि मग त्यांनी सांगितलं, लिहा. मयत हा सकाळी सहा वाजता जिवंत होता, या पोलिसांच्या कथनास कोठडीतील एका बंद्याच्या जबाबातून स्वतंत्र दुजोरा मिळतो. त्याने सर्वांना चहा देण्यात आल्याचे स्पष्टपणे नमूद केले आहे.

"स्पष्टपणे" पर्यंत मी टाइप केलं आणि थांबले. त्या दहिसरवाल्याची टेबलाखालची चार बोटं माझ्या डोळ्यांसमोर आली. आत पाच आणि चहा चार. म्हणजे शिपायाने दारातून चारच सांगितले. म्हणजे सहा वाजता त्याला माहीत होतं, पाचवा चहा पिणार नाही. बाकी सगळं त्यांनी रचलं, घोकलं, एकमेकांना पाठ म्हणून दाखवलं असेल, पण चहा सांगताना नेहमीच्या सवयीने खरा आकडा तोंडातून गेला. आणि तो आकडा ज्याच्या ध्यानात राहिला, त्याने जीव मुठीत धरून मला आणून दिला, आणि मी त्याला म्हटलं पुराण पुरे.

मी साहेबांना तिथल्या तिथे सांगितलं. एवढं तरी केलं. ते माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं. ते खुर्चीत बसले, चष्मा काढला आणि विचारलं, जबाब वाचून दाखवला होता का? नव्हता. दाखवला असं लिहिलंय का? लिहिलंय. अंगठा आहे? आहे. मग म्हणाले, त्याला पुन्हा बोलवायला हवं. पण समन्स घेऊन जाणार ते त्याच चौकीचे पोलिस, आणि अहवालाला वरून रोज तगादा. आठवड्याच्या आत तो आपणहून आला तर फेरजबाब घेता येईल, एवढंच ते म्हणाले.

एव्हाना तो जामिनावर सुटला होता. रविवारी मी घरी खोटं सांगून दहिसरला गेले. चेक नाक्याच्या अलीकडे उतरून नदीच्या कडेने विचारत विचारत तबेला गाठला, चपला शेणात बरबटल्या. तो म्हशीच्या पाठीवर पाणी मारत होता. मला बघितल्यावर त्याने बादली खाली ठेवली, पण जवळ आला नाही. मी सगळं सांगितलं. माझं चुकलं, म्हटलं. एकदा या, साहेब स्वतः लिहून घेतील, मी त्या खोलीत बसणारसुद्धा नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी जबाब देणाऱ्या माणसाला अहोजाहो करत होते.

"तुम्ही लिहिलं म्हणालात ना?" तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "दोन हवालदार दारात होते तरी मी बोललो. दोनदा बोललो. रात्री काय चाललं होतं ते सांगायची छाती नव्हती, म्हणून चहाचं सांगितलं. म्हटलं, शिकलेली माणसं आहेत, समजतील."

मी त्याच्या हातापाया पडायचीच बाकी राहिले. तो नाही नाहीच म्हणाला. आता पुन्हा तोंड उघडलं तर त्याच्यावर दुसरी केस घालतील, आणि पुढच्या वेळी जो एक चहा कमी येईल तो त्याचा असेल. मी त्याला पोराच्या आईचं सांगितलं, भिंतीशी पुरल्याचं सांगितलं. तेव्हा तो थोडा हलला. म्हणाला, म्हातारीला सांगा, तो पाणी मागत होता. मग लगेच मान हलवली. नको, हे नका सांगू तिला. त्याने पुन्हा बादली उचलली. पाण्याचं मी तिला कधीच सांगितलं नाही.

सोमवारी साहेबांनी मला आत बोलावलं आणि दार लावून घेतलं. ते म्हणाले, अजून एक मार्ग आहे. तुम्ही स्वतः लेखी द्या, की बंद्याने चार चहा आल्याचे सांगितले होते, मी ते लिहिले नाही आणि जबाब वाचूनही दाखवला नाही. मी ते अहवालाला जोडतो. निष्कर्ष बदलता येईल की नाही माहीत नाही, पण गळफास सिद्ध होत नाही एवढं तरी लिहिता येईल. आईला तेवढं पुरेल. पण मग बाई, तुमच्यावर चौकशी लागणार. नोकरी राहीलच असं मी सांगू शकत नाही. बुधवारपर्यंत विचार करा.

विचार कसला करणार? मी सोमवारी कोरा कागद घरी नेला. मंगळवारी तसाच परत आणला. बाबा खिडकीशी बसलेले, धाकट्याची दहावी, आईने माझ्यासाठी एक स्थळ बघून ठेवलेलं, आणि मुलगी सरकारी नोकरीत आहे ह्यावर ते लोक तयार झालेले. मी स्वतःला शंभर वेळा सांगितलं, की मी लिहिलं तरी पोरगा काही परत येणार नाही. ही असली वाक्यं मी इतरांच्या तोंडून इतकी ऐकली होती, की आपल्या तोंडात आली तेव्हा मला किळस आली. तरी मी लिहिलं नाही. बुधवारी साहेबांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि अहवालावर सही केली. तो मीच टाइप केला होता. एकही खाडाखोड नाही.

मावशी पुढच्या आठवड्यात अहवालाच्या नकलेसाठी आली. त्या दिवशी पायांत चपला होत्या आणि डोक्याला तेल. कागद मिळाला की तशीच फादरकडे जाणार होती. मी तिला जिन्याजवळच्या बाकावर बसवलं. वाचून दाखव म्हणाली. मी वाचलं, आमच्या भाषेतलं तिच्या भाषेत करत. शेवटच्या ओळीशी आल्यावर ती म्हणाली, "म्हणजे?" म्हणजे त्याने स्वतःच, असं मी म्हणायला लागले, आणि मला ते पुरं करवेना.

मग मी तिला सगळं सांगून टाकलं. पाच जण आत, चहा चार आले. एक माणूस दोनदा सांगत होता आणि मी लिहिलं नाही. तुमच्या पोराने जीव दिलेला नाही, मावशी. मी रडत होते. ती रडत नव्हती. ती लक्ष देऊन ऐकत होती, एखादा पत्ता समजून घ्यावा तशी. मी थांबल्यावर म्हणाली, "हे लिवून दे."

मी म्हटलं, अहवाल वर गेला, आता माझ्या हातात काही नाही. ती म्हणाली, सरकारचा नको, साधा कागद दे, तुझी सही कर, फादरला तेवढा पुरेल. माझी पर्स माझ्या मांडीवर होती, तिच्यात पेन होतं. मी तिला बाबांचं सांगायला लागले, भावाच्या दहावीचं सांगायला लागले. तिने मध्ये तोडलं नाही. माझं सगळं ऐकून घेतलं. पेन काही मी बाहेर काढलं नाही.

"मंग मना कशाला सांगलंस?" ती म्हणाली. "आजपर्यंत मी देवाला सांगत होते, माजा पोर असा करणार नाय. कोण ऐको नाय तर न ऐको. आता मना ठाव झाला, त्याला मारला. आणि तो हाय तितंच हाय. तू मोकली झालीस. मी कुटं जाऊ?"

तिने माझ्या हातातली नक्कल घेतली, घडी करून कमरेला खोचली आणि भिंतीला धरून जिना उतरली. ती पुन्हा कचेरीत आली नाही. मी तिथे आणखी एकतीस वर्षं काढली, दोन बढत्या घेतल्या, सन्मानाने निवृत्त झाले. ती वारली, तिला नवऱ्याच्या शेजारी ठेवलं, हे मला कुणाकडून तरी कळलं, तेव्हा मी एकदा त्या गावठाणात जाऊन आले. कबरीत अजून एकाची जागा होती. पोरगा मागच्या भिंतीशीच आहे.